इंदिराताईंचा राजीनामा

चुकीचं मराठी वाचलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. हा दोष मला ठाऊक आहे, बायकोने तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात दाखवून दिला होता. पण आई मिरजेच्या शाळेत मराठी शिकवायची आणि घरातल्या वाणसामानाच्या यादीतही लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. तिच्या हाताखाली वाढलेला माणूस इंदूरला नोकरीला आला तर त्याचं काय होणार! इथले मराठी लोक 'मी जाऊन राहिलो' म्हणतात, 'मला मालूम नाही' म्हणतात, आणि आठ-दहा पिढ्यांपूर्वी होळकरांच्या फौजेबरोबर आल्याचा अभिमान मात्र काल आल्यासारखा ताजा ठेवतात. पलासियातल्या माझ्या फ्लॅटपासून सांवेर रोडवरच्या कारखान्यापर्यंत रोज अर्धा-पाऊण तास मी रिक्षात बसून मनातल्या मनात लोकांची वाक्यं दुरुस्त करत जायचो.

कारखाना नमकीनचा. शेव, मिक्श्चर, मसाला दाणे. मी तिथला एचआर मॅनेजर, हृषीकेश बर्वे. येऊन आठ महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला अजूनही स्वतःचा राग येतो, आणि एका बाईविषयी जे वाटतं त्याला आश्चर्य हा शब्द तोकडा पडतो.

इंदिरा गावडे पॅकिंग लाइनवर एकोणीस वर्षं होत्या. वय एक्कावन्न, उंची बेताची, आवाज मात्र राजवाड्यासमोर भाजी विकणाऱ्या बाईलाही लाजवेल असा. पाकिटं सील करायचं एक मशीन होतं. त्याचा तापलेला जबडा मिनिटाला चाळीस वेळा उघडतो-मिटतो आणि त्यात बोट जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. पाकीट अडकलं की जाळी काढावी लागते, अडकलेलं ओढून काढावं लागतं, जाळी परत लावावी लागते. यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझर निशांतने एका शनिवारी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. त्या मशीनवर आठवड्यापूर्वी लागलेली एक बाई बसली होती. इंदिराताईंनी ते पाहिलं आणि लाल बटण दाबून सगळी लाइन बंद केली.

दोन तास लाइन बंद होती. निशांत ओरडला, त्या दुप्पट ओरडल्या. "जाली लाव, मग बटण सोडते!" हे वाक्य म्हणे बाहेरच्या ट्रकवाल्यांनीही ऐकलं. शेवटी दुसऱ्या मशीनवर काम सुरू झालं आणि सोमवारी निशांतची लेखी तक्रार माझ्या टेबलावर आली: काम बंद पाडलं, वरिष्ठांशी उद्धटपणा केला.

नियम मला पाठ होते. आवाज चढवला म्हणून माणसाला काढता येत नाही. आरोपपत्र द्यायचं, खुलासा मागायचा, चौकशी करायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं. हे सगळं मला महिनाभर पुरलं असतं. मी इंदिराताईंना बोलावून म्हटलं, "झालं ते लिहून द्या. तुमचं पुढे काय म्हणणं आहे तेही लिहा." त्या जेवणाच्या सुट्टीत बसल्या आणि वहीच्या पानावर लिहून घेऊन आल्या.

पान वाचलं आणि माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. 'मशीन ची जाली निकाली होती.' जाळी! काढली! पहिल्या चार ओळींत सहा चुका. शेवटची दोन वाक्यं अशी होती: 'निशांत भियाशी मी राजीनामा करायला तयार आहे. मालक लोकांनी मोठ्या मनाने मंजूर करावा.'

राजीनामा! माझा जीव भांड्यात पडला. चौकशी नको, महिनाभराची कटकट नको. बाई आपणहून जाते आहे. वाईट वाटलं नाही असं नाही, एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण त्याहून जास्त वाईट मला त्या वाक्याचं वाटलं. राजीनामा 'करतात' का? राजीनामा देतात. आणि 'निशांतशी' राजीनामा ही कुठली विभक्ती? मी 'करायला' खोडून 'देण्यास' केलं, 'निशांत भियाशी' (भाऊला इथे भिया म्हणतात) खोडून 'श्री. निशांत यांच्यामुळे' केलं. मग तेच स्वच्छ टाइप करून त्यांच्यापुढे ठेवलं.

"शुद्ध मराठीत करून दिलंय. सही करा."

त्यांनी कागद हातात घेतला, कौतुकाने पाहिला. "वा सरजी, काय सुंदर दिसून राहिलं. माझं तर कीडा-मकोडा होतं." आणि सही केली.

संध्याकाळी मालक शामजींना मी सांगितलं, "इंदिराबाईने रिज़ाइन कर दिया." ते म्हणाले, "अच्छा? चलो, एक्सेप्ट कर लो." मी पत्र तयार केलं: आपला राजीनामा मंजूर करण्यात आला असून आपणांस आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या माणसाने ते त्यांना दिलं आणि आत सोडलं नाही. पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

"सरजी, राजीनामा मंजूर झाला ना?"

"हो, झाला."

"गणपती बाप्पाची कृपा! मग हा गेटवाला मला आत का नाही सोडून राहिला?"

"अहो, राजीनामा मंजूर झाला म्हणूनच. आता तुम्ही यायचं नाही."

"असं कसं? राजीनामा मंजूर केला आणि येऊ नको म्हणता? ही कुठली रीत आहे?"

बाई माझी चेष्टा करते आहे असं मला वाटलं. मी फोन ठेवला.

त्या रोज येऊ लागल्या. पावणेआठला, पहिल्या पाळीच्या वेळेला. गेटच्या डाव्या बाजूला, ट्रकला अडचण होणार नाही अशा बेताने उभ्या राहायच्या. पिशवीत घडी केलेला अॅप्रन आणि केस झाकायची टोपी. एका छोट्या वहीत वेळ लिहायच्या, गेटवाल्याला दाखवायच्या, पाऊण तास थांबायच्या आणि जायच्या. भांडण नाही, घोषणा नाही, कोणाला अडवणं नाही. मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघायचो. पहिले दोन दिवस मला हसू आलं, राजीनामा देऊन दारात येणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चीड आली. सहाव्या दिवशी मी खिडकीशी गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ बघत त्यांची वाट पाहत होतो. एवढा शांतपणा येतो कुठून या बाईला? मला कोणी असं दाराबाहेर उभं केलं असतं तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं.

नवव्या दिवशी श्रम कार्यालयाची नोटीस आली. सोबत त्यांच्या हिंदी तक्रारीची प्रत होती. 'कंपनीने मेरा राजीनामा मंजूर किया, फिर भी काम पर नहीं ले रही.' मी ती वाचून इतका हसलो की चहा सांडला. शामजींना सांगितलं, "बोल रही है, रेज़िग्नेशन एक्सेप्ट किया, फिर भी काम पर नहीं ले रहे." तेही हसले. "टाइप की हुई चिट्ठी है ना साइनवाली? बस, वही ले चलो."

ती मी फाइलमध्ये लावली. वहीचं मूळ पान माझ्या बॅगेतल्या डायरीत होतं. ते मी टाकलं नव्हतं, कारण खरं सांगायचं तर एखाद्या रविवारी बायकोला वाचून दाखवून हसायचं होतं.

सुनावणी घेणारे अधिकारी राठौरजी, मोहन राठौर, पक्के माळव्यातले. खोली लहान, टेबल जुनं, त्याभोवती चार सारख्या खुर्च्या. शामजी कारखान्यात शिरले की माणसं उठून उभी राहतात. इथे त्यांना एका लाकडी खुर्चीवर बसायला सांगितलं आणि समोर, तशाच खुर्चीवर, इंदिरा गावडे बसल्या. राठौरजी म्हणाले, "पहले ये बोलेंगी. बीच में कोई नहीं बोलेगा." आणि कोणी बोललं नाही. एकोणीस वर्षांत त्या बाईचं बोलणं शामजींनी सलग दहा मिनिटं पहिल्यांदाच ऐकलं असणार. कायद्याची कलमं मी परीक्षेला घोकली होती, कंपन्यांत वापरली होती, क्वचित वाकवलीही होती. पण कायदा म्हणजे दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्यांचं सांगून झालं. वही पुढे ठेवली, अकरा दिवसांच्या अकरा वेळा. राठौरजींनी विचारलं, गेटवर उभं राहायला कोणी सांगितलं? "कोणी नाही साहेब. मी नसती आली तर म्हणाले असते, आपणच काम सोडून गेली. मला काम सोडायचंच नाही तर मी घरी कायला बसू?"

मग राठौरजी शामजींकडे वळले. "सेठजी, राजीनामा मंजूर कर लिया, फिर इनको अंदर क्यों नहीं लेते?"

"साहब, कैसा राजीनामा? इसने तो रिज़ाइन किया है."

राठौरजींनी टाइप केलेलं पत्र डोळ्यांजवळ नेलं. बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं. "रिज़ाइन किधर लिखा है? यहां तो लिखा है, राजीनामा."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मला प्रश्नच कळेना. "वही तो, सर. राजीनामा मतलब इस्तीफा."

"किसने कहा भिया?" राठौरजी खुर्चीत मागे टेकले. "राजीनामा मतलब सुलह. समझौता. अदालत में रोज होते हैं. दो पार्टी लड़ी, फिर राजी हो गई, लिख दिया राजीनामा. इस्तीफा तो इस्तीफा है."

मला ते पान जसंच्या तसं दिसलं. निशांत भियाशी मी राजीनामा करायला तयार आहे. निशांतशी समेट करायला तयार आहे. मालकांनी मोठ्या मनाने मंजूर करावा. फोनवरचं ते 'गणपती बाप्पाची कृपा' आठवलं. ती बाई मला एक वाक्यही वेडंवाकडं बोलली नव्हती. 'ध'चा 'मा' करणाऱ्यांची गोष्ट आम्ही शाळेत तोंडाला हात लावून ऐकली होती. मी तोच उद्योग दिवसाढवळ्या केला होता, तोही शुद्धलेखनाच्या नावाखाली.

शामजी इंदूरचेच. शब्द त्यांनाही लगेच कळला. पण धंदेवाला माणूस क्षणभरच गांगरला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चिट्ठी मराठी में है. मराठी में जो मतलब होता है, वही बोल दो. झूठ थोड़ी है."

राठौरजींनी नेमकं तेच विचारलं. "आप मराठी के जानकार हैं. मराठी में क्या मतलब होता है? और इनका कहना है, इन्होंने हाथ से कुछ और लिखा था. वो कागज है?"

"जो है साहब, यही है," शामजी म्हणाले.

इंदिराताई माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. माझ्याकडून खरं ऐकायला मिळेल अशा खात्रीने. एवढं होऊनही त्या माझ्याकडे तशा कशा पाहू शकत होत्या, हे मला आजही उमगलेलं नाही.

खोटं बोलायची गरज नव्हती, हीच तर मोठी पंचाईत होती. कुठलाही मराठी शब्दकोश उघडा, राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. सही त्यांची. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर माझी नोकरी शाबूत राहिली असती आणि त्यांची गेली असती. मी बॅग उघडली, डायरी काढली आणि वहीचं ते पान टेबलावर ठेवलं.

"सर, हमारे महाराष्ट्र में इसका मतलब इस्तीफा है. लेकिन ये चिट्ठी इंदौर की मराठी में है और उसमें इसका मतलब सुलह है. पढ़ने में गलती मेरी हुई. ऊपर से मैंने इनका लिखा बदला भी."

राठौरजींनी पान उलटसुलट पाहिलं. "ये लाल स्याही किसकी है?"

"मेरी."

"कितने नंबर दिए?"

कोणी हसलं नाही. फक्त इंदिराताईंच्या ओठाचा कोपरा हलला. शामजी सुस्कारा टाकून खुर्चीत टेकले आणि मला वाटलं, संपलं आपलं. पण तेही माळव्याचेच. पान स्वतःकडे ओढत म्हणाले, "इंदिराबाई, तुमने सुलह मांगी थी?"

"तर काय? मी बोलली, झगडा झाला, गरम डोक्यात मी बी बोलून गेली, मिटवून टाका. उन्नीस साल झाले सेठजी, मी कुठं जाणार?"

मी मध्येच बोललो. राहवलं नाही. "इंदिराताई, आमच्याकडे नोकरी सोडायच्या कागदाला राजीनामा म्हणतात हो. मला खरंच वाटलं की..."

त्या चकितच झाल्या. "नोकरी सोडायला? पण त्यात राजी कोण असतं सरजी?"

नोकरीच्या सोळा वर्षांत किती राजीनामे घेतले असतील मी? प्रत्येकात 'स्वखुशीने' हा शब्द असायचा, आणि बऱ्याच कागदांवर तो मीच टाइप केलेला असायचा. बंद खोली, समोर पाण्याचा ग्लास, 'हे तुमच्याच भल्याचं आहे' म्हणत पुढे सरकवलेलं पेन. त्यातलं कोण राजी होतं? मी मराठी शिकलो, दुसऱ्यांचं सुधारलं, आणि माझ्या भाषेतला हा शब्द उघडून आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. पॅकिंग लाइनवरच्या एका बाईने तो माझ्यासमोर नारळासारखा फोडून ठेवला. मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. टेबल मध्ये होतं आणि धीरही झाला नाही.

राठौरजी कागद ओढून लिहायला बसले. कामावर परत घ्यायचं, नोकरी अखंड धरायची, मधले दिवस हजेरीत मांडायचे, निशांतने आणि त्यांनी मागचं विसरायचं. प्रत्येक कलमाला इंदिराताई मान हलवत गेल्या. निशांतने माफी मागायची का? "जाऊ द्या, लेकरासारखा आहे." माझ्यावर काही कारवाई? "त्यांनी काय केलं, मास्तरकी केली." मी मान खाली घातली. मग राठौरजींनी सहीसाठी कागद पुढे केला पण इंदिराताईंनी पेन उचललं नाही.

"आणि जाली?"

"कौन-सी जाली?" शामजींनी विचारलं.

"मशीनची. झगडा तिचाच होता ना? ती लागल्याशिवाय मी आत पाऊल नाही ठेवणार. हे पण लिहा."

ज्या नोकरीसाठी ही बाई अकरा दिवस रस्त्यावर उभी राहिली, ती समोर ताटात वाढलेली होती. एक सही, बस्स. आणि ती म्हणत होती, आधी जाळी. तीही स्वतःसाठी नाही. आठवड्याच्या ओळखीच्या एका बाईच्या बोटांसाठी. राठौरजींनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं.

"सेठजी, जाली लगाना आपकी जिम्मेदारी है, और न लगी हो तो बताना इनकी. इन्होंने अपनी निभा दी, दो हफ्ते पहले."

शामजींनी 'लिख दीजिए' म्हटलं. तेव्हा इंदिराताईंनी सही केली. कागदाच्या डोक्यावर राठौरजींनी ठळक अक्षरांत लिहिलं: राजीनामा. मी साक्षीदार म्हणून सही केली. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सातलाच कारखान्यात पोहोचलो. जाळी भिंतीलाच टेकलेली. फिटरला फोन केला, तो म्हणाला साडेआठला येतो. पावणेआठला इंदिराताई आल्या. गेट सताड उघडं होतं, गेटवाल्याने सलाम केला. त्यांनी बाहेरूनच विचारलं, "लागली का?"

"लागतेय," मी म्हटलं. "तुम्ही या ना आत."

"लागू द्या मग." आणि त्या डाव्या बाजूला, आपल्या रोजच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या पाळीच्या बायका येत होत्या. पहिली थांबली, तिने काहीतरी विचारलं आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग दुसरी. मग त्या मशीनवर बसणारी नवी बाई. कोणी कोणाला थांबवलं नव्हतं. आठ वाजता बाहेर सत्तावन्न बाया उभ्या होत्या आणि आत एकही यंत्र चालत नव्हतं. मी आठ महिने ज्यांच्या क्रियापदांवर चरफडलो त्या सगळ्या जणी, एक शब्द न बोलता.

निशांत धावत आला, रांग पाहिली, माझ्याकडे पाहिलं. फिटरची वाट न बघता आत गेला. स्वतः पान्हा घेऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने ती जाळी चार बोल्टांनी आवळली. वीस मिनिटं लागली. बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, "मौसी, लग गई. देख लो."

इंदिराताई आत गेल्या. मशीनपुढे वाकल्या, जाळीला हाताने हिसडा दिला, फटीतून बोट जातं का पाहिलं. गेलं नाही.

"आता बसा कामाला," मी म्हटलं. "राजीनामा तर कालच झाला."

"काल सही झाली सरजी," त्या टोपीत केस कोंबत म्हणाल्या, "राजी मी आत्ता झाली."

'झाली' नव्हे, 'झाले' म्हणायचं असतं. मला ते ऐकू आलं आणि त्या वाक्यात मला काहीही बदलावंसं वाटलं नाही.